काळीज जाळायचं म्हणजे...

धर्माबादच्या आत्याला धडधड व्हायची. बसल्या जागी छातीत घोडं उधळायचं, नाडी मोजता येऊ नये अशी पळायची आणि अर्ध्या तासाने बटण बंद केल्यासारखी थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत कार्डिओग्राम नॉर्मल. "मनाला लावून घेऊ नका," एवढं ऐकून परत. अशी वीस वर्षं गेली!

शेवटी हैदराबाद. (१९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचाच, त्यामुळे मोठं दुखणं तिकडे न्यायची रीत जुनीच.) तिथे कळलं की हृदयात विजेची एक जादा वाट लपलेली आहे, ती जाळायची. आत्या म्हणाली, "काळीज जाळतेत म्हणे. मग माणूस राहतो का रे?"

प्रश्न रास्त होता. मग मी वाचत बसलो.

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या पोरसवदा डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली. मदतीला आलेल्या नर्सला तुझ्यावरच प्रयोग करतो असं भासवून टेबलाला बांधून ठेवलं, आणि नळी तशीच ठेवून हा पठ्ठ्या जिना उतरून एक्स-रे काढायला गेला! कौतुक दूरच, पुढे तो मूत्ररोगाकडे वळला. नोबेल मिळालं १९५६ साली.

जादा वाट तोडायचं काम मात्र आधी सुरीने झालं. १९६८ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. सीली यांनी एका मच्छीमाराची छाती उघडून ती कापली. नळीने जाळायची कल्पना तर अपघातातून आली म्हणायची. फ्रान्समध्ये तपासणी चालू असताना छातीवर दिलेला शॉक आतल्या नळीतून गेला आणि हृदयातली मुख्य वाटच बंद पडली. १९७९ साली हे छापून आलं. १९८२ पर्यंत अमेरिकेतले डॉक्टर मुद्दाम नळीतून शॉक देऊ लागले. पण तो आत स्फोटच, भूल देऊनच करायचा. नंतर रेडिओलहरी आल्या. नळीचं टोक टेकतं तेवढाच काही मिलिमीटरचा ठिपका तापून निकामी होतो. १९९१ साली जॅकमन यांनी १६६ रुग्णांचा हिशोब मांडला, त्यात १६४ जणांची जादा वाट बंद झाली होती.

हे सगळं आत्याला सांगितलं. मुख्य वाटेला धक्का लागला तर पेसमेकर बसवावा लागतो, हेही. तिने फक्त विचारलं, "त्या नर्सला सोडलं का नाही मग?"

सोडलं, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आत्या रेल्वेने घरी आली. धडधड गेली ती गेलीच. पण अजूनही बोलता बोलता तिची बोटं आपसूक मनगटावर जातात.