गाडी सावलीत, पॅनल उन्हात

परवा सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो ॲरिझोनात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एक ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं छोटंसं घर. छपरावर शंभर-शंभर वॅटचे दोन सोलर पॅनल आधीपासूनच आहेत. यंदा आई-बाबांना घेऊन पंधरा दिवस फिरायचा त्याचा बेत आहे. अडचण एकच. बाबांची इन्सुलिन. न उघडलेला साठा 2 ते 8 अंशांत राहायला हवा आणि फ्रीज रात्रभर चालायला हवा. मागच्या सहलीत पाईनच्या झाडांखाली मुक्काम केला तर तिसऱ्या पहाटे बॅटरीने मान टाकली होती. आता त्याने घडीचे दोनशे वॅटचे पॅनल आणलेत. "बाबांना विचार ना, जुन्याला हे कसे जोडू?"

बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. धरमपेठेतल्या आमच्या घरात फ्यूज उडाला तरी त्यांचा चेहरा खुलतो! त्यांनी मला कागद-पेन आणायला लावलं आणि सांगितलं, "जुन्या तारांना नवीन पॅनल तसाच जोडू नको म्हणावं. दोघांचं व्होल्टेज वेगळं असलं की एक दुसऱ्याला मागे ओढतो. नव्याला त्याचा वेगळा चार्ज कंट्रोलर दे, आणि दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला. नव्या पॅनलमध्ये कंट्रोलर आधीच बसवलेला असेल तर त्याची तार सरळ बॅटरीला ने, ट्रेलरच्या कंट्रोलरमधून नको. तार जाड घे, आणि बॅटरीजवळ फ्यूज विसरू नको."

एवढं सांगून झाल्यावर मात्र ते म्हणाले, "पण मी काही येत नाही. माझ्या औषधापायी पोरांची सहल कशाला अडवायची?"

मग मी त्यांना स्कायलॅबची आठवण करून दिली.

आमच्या घरात स्कायलॅब म्हणजे 1979 चा जुलै. ती अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर पडणार, आपल्याच डोक्यावर पडली तर काय, अशी धास्ती तेव्हा देशभर होती. शेवटी 11 जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पण तिची खरी गोष्ट सहा वर्षं आधीची आहे.

14 मे 1973 ला ती वर गेली तेव्हा उड्डाणातच तिच्यावरचं संरक्षक कवच फाटलं. जाताना सोलर पॅनलचा एक पंख तुटून गेला आणि दुसरा धातूच्या पट्टीत अडकून बसला. म्हणजे वीज अपुरी, आणि कवच नसल्याने आत भट्टी. माणसं गेली ती 25 मे ला. त्यांनी काय केलं असेल? 26 तारखेला छत्री उघडली! खरंच, आतून बाहेर काढून उघडायची कापडी छत्री. घर थंड झालं. मग 7 जूनला कॉनराड आणि केरविन बाहेर गेले, पट्टी कापली आणि अडकलेला पंख मोकळा केला.

घराला सावली दिली आणि पॅनलला ऊन. फिरत्या घराची सगळी कथा मला यात दिसते.

गंमत म्हणजे 26 मे च्या सुमारास आपल्या नागपुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत आपण गाडी कडुनिंबाखाली लावायला धडपडतो. छपरावरच्या पॅनलचं दुखणं तेच. माणसाला सावली हवी, त्याला ऊन हवं, आणि दोघं एकाच छपराला बांधलेले. पॅनलच्या छोट्याशा भागावर फांदीची सावली पडली तरी वीज बरीच घटते. शिवाय आडवा ठोकलेला पॅनल हिवाळ्यातल्या खाली उतरलेल्या सूर्याकडे वळत नाही.

आपल्याकडे फिरत्या छपरांवर पॅनल चढले ते अलीकडे. 2017 च्या जुलैत दिल्लीत रेल्वेची डेमू गाडी निघाली. तिच्या डब्यांवर 300 वॅटचे सोळा-सोळा पॅनल होते, दिवे-पंख्यांसाठी. 2020 च्या नोव्हेंबरात आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंग सोलंकी सोलर बस घेऊन निघाले, 2030 पर्यंत घरी परतायचं नाही असा संकल्प करून. तिच्या छपरावर 3.2 किलोवॅटचे पॅनल. रेल्वेच्या डब्याला किंवा बसला एवढं मोठं छप्पर असतं. छोट्या ट्रेलरला ते कुठून आणायचं?

तिथे जोड द्यावी लागते, आणि जोड देण्यात कमीपणा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे सगळ्यात जुने पॅनल 2000 साली वर गेले, पंधरा वर्षांच्या हिशेबाने. ते थकू लागले म्हणून कोणी स्थानक सोडून दिलं नाही. 2021 च्या जूनपासून गुंडाळी करून नेलेले नवे पॅनल जुन्यांच्या पुढ्यात उलगडले. जुन्यांचा काही भाग झाकला जातो, तरी दोघं मिळून वीज वाढली.

बाबा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्याला काढत नाहीत, शेजारी एक तरुण उभा करतात."

आई तेवढ्यात गच्चीवरून मुगवड्यांचं ताट घेऊन खाली आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? आम्ही जन्मभर तेच करून राहिलो. वाळवण उन्हात, आपण सावलीत. ऊन सरकलं की ताट सरकवायचं. त्याला सांग, लांब तार घे, आणि दिवसातून तीनदा उठ म्हणावं."

घडीच्या पॅनलचं यापेक्षा सोपं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

असो. भावाने वेगळा कंट्रोलर बसवला. दोन रात्री अंगणात, छपरावर ताडपत्री टाकून, नुसत्या घडीच्या पॅनलवर फ्रीज चालवून पाहिला. दोन्ही सकाळी आतला थर्मामीटर पाच अंशांवर होता. त्याचा फोटो त्याने पाठवला. बाबांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, काही बोलले नाहीत.

संध्याकाळी गोकुळपेठ बाजारातून भाजी घेऊन आलो तेव्हा कपाटावरची मोठी बॅग खाली काढलेली होती.