स्पिरिटूमच्या शोधाचा इतिहास

स्पिरिटूम हा पोकेमॉन मालिकेतला भूत आणि अंधार या दोन प्रकारांचा प्राणी. २८ सप्टेंबर २००६ रोजी जपानमध्ये निघालेल्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या निन्टेन्डो डीएसवरच्या जोडखेळांत तो पहिल्यांदा आला. मुख्य कथेचे त्याच्यावाचून काही अडत नाही. सिनो प्रदेशाची विजेती सिंथिया शेवटच्या लढतीत सर्वांत आधी त्यालाच मैदानात उतरवते, आणि प्रादेशिक पोकेडेक्सच्या, म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या यादीच्या, नोंदीला तेवढे दर्शन पुरते. तो स्वतःच्या संग्रहात हवा असेल, तर मात्र एक साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची कामगिरी, पुरी करावी लागते. पुढच्या सोळा वर्षांत या कामगिरीची अट वेळोवेळी बदलत गेली.

खेळातली दंतकथा अशी: पाचशे वर्षांपूर्वी दुष्कृत्यांची शिक्षा म्हणून एकशे आठ आत्मे एका दगडात कोंडले गेले. हा आकडा बौद्ध परंपरेतून येतो. जपानमध्ये वर्षाच्या अखेरच्या रात्री देवळांतल्या घंटांचे १०८ टोल दिले जातात, ते मनाच्या १०८ विकारांसाठी. बौद्ध धर्माबरोबर भारतातून पूर्वेकडे गेलेला हा आकडा मराठी वाचकाला जपमाळेच्या मण्यांवरून ओळखीचा आहे. रचनाकारांनी तो जागोजागी मुरवला आहे. स्पिरिटूमचे वजन १०८ किलो, सिनोच्या पोकेडेक्समधला त्याचा क्रमांक १०८, आणि बचावाचे दोन्ही मूळ गुणही १०८.

२००६ची कामगिरी सुरू होते एका चिरलेल्या दगडापासून. २०८ क्रमांकाच्या वाटेवरचा एक माणूस तो देतो. त्या वेळी दगडाचा उपयोग उमगत नाही. पुढच्याच, २०९ क्रमांकाच्या वाटेवर एक पडका दगडी मनोरा उभा आहे. त्यात दगड बसवला, तरी लगेच काहीच घडत नाही. खरे काम जमिनीखाली आहे. इटर्ना शहरातल्या म्हाताऱ्याकडून साहित्य मिळाले की खेळाडूला भुयारांच्या जाळ्यात उतरता येते. जीवाश्म आणि रंगीत गोळे खणून काढण्याची, सापळे लावण्याची, गुप्त तळ सजवण्याची ही जागा. डीएसच्या बिनतारी जोडणीने जवळपासचे खेळाडू याच भुयारांत एकमेकांना दिसतात. अशा खेळाडूंसमोर उभे राहून बटण दाबायचे, म्हणजे नमस्कार घडतो. असे बत्तीस नमस्कार झाल्यावर वर येऊन मनोऱ्याला हात लावला, की पंचविसाव्या पातळीचा स्पिरिटूम समोर येतो.

ही अट आकाशातून पडलेली नव्हती. मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण तोक्योजवळच्या माचिदात किडे पकडण्यात गेले. दोन गेम बॉय जोडणाऱ्या तारेवरून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात सरकत आहेत, या कल्पनेतून १९९६चे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे खेळ जन्मले. त्या दोहोंतले काही प्राणी मुद्दामच एकेका खेळापुरते ठेवले होते, म्हणजे सोबत्याशी देवाणघेवाण केल्याशिवाय संग्रह पूर्ण होत नसे. स्पिरिटूमने तोच विचार टोकाला नेला. येथे काही द्यायचे-घ्यायचेही नाही, नुसते भेटायचे. कल्पना म्हणून ती फार सुंदर आहे, कारण विखुरलेले आत्मे गोळा करायला माणसांना एकत्र यावे लागते. व्यवहारात ती तितकीच निष्ठुर होती. जपानी शाळेच्या आवारात बत्तीस नमस्कार सहज जमत. ज्या गावात डीएस एकाच मुलाकडे, तिथे त्या मुलाने करायचे काय? सिंथियाकडे तो प्राणी पाहायचा, आणि स्वतःच्या संग्रहातली त्याची जागा रिकामीच ठेवायची.

२०२० साली ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ला जोडून ‘क्राउन टंड्रा’ हा भाग आला आणि अंतराची अडचण मिटली. तिथे एका झाडाखालच्या थडग्यातून आपला आवाज इतरांपर्यंत पोचवण्याची विनंती ऐकू येते. इंटरनेटने जोडलेले अनोळखी खेळाडू माळावर फिरताना दिसतात. त्यांच्याजवळ जाऊन त्यांना भेटत राहायचे. पुढच्या वर्षी, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, जुन्या खेळांची नवी आवृत्ती ‘ब्रिलियंट डायमंड’ आणि ‘शायनिंग पर्ल’ आली. बत्तीस भेटींची अट कायम राहिली, पण भुयारातली संगणकाने चालवलेली पात्रेही आता मोजली जाऊ लागली. एकट्या खेळाडूला स्पिरिटूम मिळू लागला. अन्याय दूर झाला हे चांगलेच, पण नमस्कारातला जीवही त्याबरोबर गेला.

२८ जानेवारी २०२२च्या ‘लेजेंड्स: आर्सियस’ने भेटीगाठींची अट बाजूला ठेवली. हा खेळ त्याच भूमीवर, तिच्या जुन्या काळात घडतो, आणि त्यातल्या साइड क्वेस्ट क्रमांक देऊन यादीत मांडलेल्या असतात. व्हेसा नावाची मुलगी जांभळ्या ज्योती गोळा करायला सांगते. ज्युबिलाइफ गावात सात आणि पाच प्रदेशांत प्रत्येकी वीस, अशा एकूण १०७. रात्री त्या लांबूनही लुकलुकताना दिसतात. दिवसा झाडी-खडकांत शोधाव्या लागतात. आकडा १०८ नसून १०७ का, याचा उलगडा धुक्याने वेढलेल्या भग्नावशेषांत होतो. उरलेला आत्मा व्हेसा स्वतःच असते. मग साठाव्या पातळीच्या स्पिरिटूमशी लढत होते. २००६ साली दंतकथा पोकेडेक्सच्या एका ओळीत होती. इथे खेळाडू ती पायांनी चालून पुरी करतो. चारही रूपांत कथा म्हणून हेच सर्वांत भरीव आहे.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये दगड, मनोरा, ज्योती यांपैकी काहीच नाही. स्पिरिटूम तिथे रानात क्वचित दिसणारा प्राणी आहे, आणि दिसला की चेंडू टाकून पकडता येतो.