डीईएचपी व नवजात अर्भके

डीईएचपी : पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) लवचिक करणारे थॅलेट वर्गातील रसायन. रक्तपिशव्या व सलाइनच्या नळ्यांत ते वापरले जाते. प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसल्याने ते रक्तात आणि शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या स्निग्ध पोषणद्रवात पाझरते. अकाली जन्मलेल्या अर्भकांचे वजन कमी व उपचार दीर्घ असल्याने त्यांना त्याची मात्रा तुलनेने जास्त मिळते. प्राण्यांवरील प्रयोगांत नर पिलांच्या वृषणांवर दुष्परिणाम आढळले. मानवी अर्भकांतील दीर्घकालीन परिणामांचे पुरावे मर्यादित आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये मुलग्यांसाठी पर्यायी साधने सुचवली. मात्र आवश्यक उपचार टाळू नयेत, असेही बजावले. फ्रान्समध्ये नवजात, बाल व प्रसूती विभागांत डीईएचपीयुक्त नळ्यांवर जुलै २०१५ पासून बंदी आहे.