शवागारात शिकलेला कान

छाती तपासायची तर आधी नुसती बघायची, मग हात ठेवायचा, मग ठोकायची आणि सगळ्यात शेवटी नळी लावायची. मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयात मी वर्षानुवर्षं हा क्रम मुलांकडून घोकून घेतला. परीक्षेत ‘लाँग केस’ला बसलेल्या पोरानं खाटेजवळ पोचताक्षणी स्टेथो कानाला लावला, की परीक्षकाची भुवई वर गेलीच म्हणून समजा. पण या चौघांतली शेवटची दोन भावंडं अगदी अलीकडची आहेत, हे सांगितलं की मुलं चकित व्हायची. हातानं बघायची नाडी पुरातन, पण तीसुद्धा मिनिटाच्या हिशेबात मोजायला सोपं जावं म्हणून जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानं खास घड्याळ करून घेतलं आणि त्यावर पुस्तक काढलं ते 1707 मध्ये.

ठोकण्याचा जनक लिओपोल्ड आउएनब्रुगर. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या खाणावळवाल्याचा मुलगा. तळघरातल्या पिंपांवर ठोकून दारू कुठवर आहे हे बाप ओळखायचा आणि पोरानं ते पाहिलं, अशी कथा सांगतात. खरी असेल, नसेल. माठ घेताना टिचकी आपणही मारतोच. त्याचं मोठेपण टिचकीत नाही, पुढच्या कामात आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रुग्णालयात सात वर्षं तो छात्या ठोकत राहिला, मेलेल्यांची छाती उघडून आपला अंदाज ताडून पाहत राहिला, इतकंच काय, प्रेतांच्या छातीत पाणी भरून आवाज किती वर सरकतो तेही त्यानं तपासलं. 1761 मध्ये लॅटिनमध्ये छोटंसं पुस्तक काढलं. कुणी फारसं विचारलं नाही. गड्यानं पुढे सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता लिहिली! अखेर नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार यानं 1808 मध्ये त्या पुस्तकाचं टिपांसह फ्रेंच भाषांतर केलं. स्वतःच्या नावावर खपवलं असतं तरी कोण विचारणार होतं? पण त्यानं श्रेय मूळ माणसाला दिलं. आउएनब्रुगर पुढच्याच वर्षी वारला.

कॉर्व्हिसारचा शिष्य रेने लेनेक. 1816 मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी त्याच्याकडे आली. अंगानं स्थूल, म्हणून ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावावा तर वय आणि लाज आड येई. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणी खरवडली तर दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, हे त्याला आठवलं. त्यानं कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. पुढे स्वतः लेथवर बसून त्यानं लाकडाच्या नळ्या केल्या. हा माणूस बासरीही वाजवायचा. 1819 मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला.

त्या ग्रंथातलं एक निरीक्षण मी कित्येकदा तळहातावर अनुभवलंय. झडप अरुंद झालेल्या हृदयावर हात ठेवला, की मांजर गुरगुरताना लागते तशी थरथर हाताला लागते, असं लेनेकनं लिहिलं. आमच्या वॉर्डात कोकणातून, मराठवाड्यातून आलेल्या कोवळ्या वयाच्या बायका असत. लहानपणी सांधे धरलेले, ताप आलेला, कुणी लक्ष दिलेलं नाही, आणि बाळंतपणात दम लागून उताणं निजवेनासं झालेलं. डाव्या कुशीवर वळवून हात ठेवला की मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे त्या तापानं अरुंद केलेल्या झडपेची, ती गुरगुर लागायची. श्रीमंत देशांतले विद्यार्थी जी थरथर बहुधा पुस्तकातच वाचत, ती आमच्या पोरांना हाताखाली मिळे. हे काही भूषण नव्हे.

आता लेनेकच्या चुकीकडे येतो, कारण मला ती त्याच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. फुप्फुसांबाबत त्याचं बहुतेक सगळं टिकलं. हृदयाबाबत मात्र घसरला. पहिला ठोका खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, हे ठीक. पण दुसरा ठोका वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं त्यानं ठरवलं. इतका काटेकोर माणूस चुकला कसा? माझं उत्तर असं : त्याचा गुरू शवागार होता. क्षयानं पोखरलेलं फुप्फुस मेल्यावरही तसंच पोखरलेलं दिसतं. जिवंतपणी ऐकलेलं तिथे पडताळता येतं. हृदयाची झडप जाड झालीय हेही दिसतं. पण ती कधी मिटत होती, हे प्रेत सांगत नाही. वेळ जाणायला चालतं हृदयच लागतं.

ते काम इतरांनी केलं. 1832 मध्ये रूआने यानं पॅरिसमध्ये ठोके झडपा मिटण्यानं होतात, हा सिद्धांत मांडला. त्याच दशकात लंडनच्या जेम्स होपनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गाढवांच्या धडधडत्या हृदयावर प्रयोग केले. आकड्यानं झडप अडवून धरली की दुसरा ठोका नाहीसा होई. आज ते वाचवत नाही, पण दुसऱ्या ठोक्याचा वाद त्यानं मिटत आणला. लेनेक तोवर हयात नव्हता. 1826 मध्ये तो क्षयानं गेला. त्याच्या छातीला नळी लावून ऐकणारा त्याचा नातलगच होता.

लसिका ग्रंथींच्या बाबतीत शवागारानं असा दगा दिला नाही. गाठ हलत नाही, वाजत नाही, जिथली तिथे असते. म्हणून तर डाव्या हासळीच्या हाडावरची सुजलेली ग्रंथी पोटातल्या कॅन्सरची खबर देते, हे फिर्शो या शवविच्छेदनवाल्यानं 1848 मध्ये सांगितलं आणि आम्ही अजूनही पोटाच्या रोग्याची मान चाचपतो.

रक्तदाबाची कथा पुन्हा जिवंत माणसाचीच. इटलीच्या रिव्हा-रोचीनं 1896 मध्ये दंडाला पट्टा बांधून पाऱ्यानं दाब मोजला, पण बोटानं नाडी चाचपून. त्यामुळे फक्त वरचा आकडा मिळे. निकोलाय कोरोत्कोव्ह हा रशियन शल्यवैद्य रशिया-जपान युद्धात हार्बिनला जखमींवर उपचार करत होता. गोळ्यांनी फाटलेल्या रक्तवाहिन्यांवर नळी ठेवून ऐकण्याची त्याला सवय लागली. 1905 मध्ये पीटर्सबर्गला त्यानं पट्ट्याखाली नळी ठेवून काय ऐकू येतं ते सांगितलं : आधी शांतता, मग ठोके, मग पुन्हा शांतता. छापलेला मजकूर पानभरसुद्धा नाही. हे आवाज हृदयातून येत असतील, अशी शंका निघाली. त्यानं ठामपणे सांगितलं, ते तिथल्या तिथे, धमनीतच उमटतात. यात तो बरोबर ठरला. मात्र दबलेल्या धमनीत ते नेमके कशानं उमटतात, यावर भौतिकशास्त्रवाले अजून भांडताहेत.