धंद्याला तंत्रज्ञान लागते की भांडवल?

"मला कोडिंग येत नाही, मग मी स्टार्टअप काढू शकतो का?" आपल्या वस्तीतली शिकलेली पोरे आता हा प्रश्न विचारू लागली आहेत. प्रश्न चांगला आहे, पण अर्धवट आहे. मालकाला तंत्र यावे लागते का, याचे उत्तर इतिहासात शोधायला गेलो की त्यामागे उभा असलेला दुसरा प्रश्न दिसतो: ज्याला तंत्र येते, त्याला मालक होऊ दिले जाते का?

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी स्थापन केली. दावर व्यापारी होते, यंत्रज्ञ नव्हते. यंत्रे इंग्लंडहून आली, ती चालवून दाखवणारे तंत्रज्ञही तिकडूनच आले. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा हेही मुळात व्यापारीच. त्यांनी व्यवस्थापक नेमला तो रेल्वेत काम केलेला माणूस, आणि यंत्रांची बाजू सांभाळायला इंग्रज तंत्रज्ञ ठेवला. मालकाला तंत्र येत नव्हते म्हणून गिरणी अडली नाही. भांडवल होते, बाजारात पत होती, ओळखीपाळखी होत्या. त्या जोरावर तंत्र पगारावर ठेवता आले.

आता त्याच गिरण्यांच्या आत चला. अस्पृश्य कामगार कताईत राबत होता, पण जास्त मजुरीचे विणाई खाते त्याला बंद होते. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता! म्हणजे इथे तंत्र शिकण्याची वाटच जातीने अडवली होती. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी विणाई खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरली, ती यासाठीच. यंत्रापुढे सगळे कामगार एक, असे भाषणात म्हणणे सोपे होते. धोट्यापुढे मात्र ते एक नव्हते.

बरे, ज्ञान मिळाले तर प्रश्न सुटतो का? खुद्द बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून, लंडनला पुढचे शिक्षण सुरू करून ते 1917 साली परतले. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, नोकरी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. आजच्या भाषेत ते या धंद्याचे 'संस्थापक' होते, आणि त्या विषयात त्यांच्याइतका शिकलेला माणूस तेव्हाच्या मुंबईत विरळाच. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. ज्ञान कमी पडले नव्हते. बाजाराने जात पाहिली.

मग तंत्र बिनकामाचे का? तसेही नाही. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा इतिहास पाहा. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ही कंपनी कामगारांच्या हाती आली. नळ्या कशा बनतात हे कामगारांइतके कोणाला ठाऊक असणार? तंत्रही होते, मालकीही मिळाली. तरी कंपनी कर्जात बुडाली, कारण व्यवस्थापन आणि खेळते भांडवल यांचा मेळ बसला नाही. पुढे 2006 साली कल्पना सरोज यांनी तिची सूत्रे घेतली. अकोला जिल्ह्यातल्या बौद्ध कुटुंबातली, शाळा अर्धवट सुटलेली, मुंबईत शिवणकामापासून सुरुवात केलेली ही बाई. धातूच्या कारखान्याचा अनुभव शून्य. त्यांनी जाणकार माणसे सोबत घेतली, देणेकऱ्यांशी बोलणी केली आणि कंपनी उभी केली. पण लक्षात घ्या, त्याआधी त्यांनी जमीन-बांधकामाच्या व्यवसायातून स्वतःची पत कमावली होती.

म्हणून पोरांना माझे सांगणे असे. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडवल आहे, त्याला तंत्र विकत घेता येते आणि दोनदा आपटूनही तिसऱ्यांदा उभे राहता येते. आपल्याला ती चैन नाही. निदान आपल्या धंद्यापुरते तंत्र आणि हिशेब स्वतःला कळलेच पाहिजेत, नाहीतर पगारी तज्ज्ञच आपल्याला फसवेल. पण फक्त कोडिंग शिकून मालक होता येईल, या भ्रमातही राहू नका. 2012 च्या सरकारी खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी 4 टक्के वाटा ठेवला आहे, 2016 साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडियात 10 लाख ते 1 कोटीपर्यंत कर्जाची तरतूद होती. ही भीक नाही, हक्क आहे. तो कागदावरून खात्यात उतरवायला संघटना लागते.

बाबासाहेबांनी शिकण्याबरोबर संघटित व्हायलाही सांगितले, ते फक्त मोर्चासाठी नव्हते. बाजारातही एकटा हुशार माणूस हरतो, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

जय भीम!