मानेला गाठ, गालाला सूज : अंदाज नको, तपासणी करा

गाल सुजला की आपल्याकडे अनेक घरांत आधी लेप लागतो, मग मेडिकलमधून एखादी गोळी येते. जुन्नर-आंबेगावातल्या वाचकांसाठी आम्ही इथे चेहरा व मानेच्या जिवाणू संसर्गाची माहिती देत आहोत. पहिला प्रश्न एकच : सूज किती दिवसांत आली?

दोन-चार दिवसांत आलेली सूज

मूळ बहुतेकदा किडलेल्या दाढेत असतं. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली पसरला तर जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडू शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, आवाज बदलला, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

नाक आणि वरच्या ओठाजवळचा फोड पिळू नका. तिथल्या शिरांमधून संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. गालगुंड मात्र विषाणूमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

महिनोन्‌महिने राहणारी गाठ

मानेतली न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ टीबीची असू शकते. जुनी माणसं तिला गंडमाळा म्हणतात. खोकला नसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त गाठीचा टीबी एकमेकांना लागत नाही. लग्न ठरायचंय म्हणून मुलीची गाठ ओढणीखाली लपवू नका.

तपासणी कशी होते?

डॉक्टर आधी दात, तोंड, घसा पाहतात. मग सुईने गाठीतला नमुना घेतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, शिवाय सीबीनॅट यंत्रात घालतात. यंत्र सुमारे दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हे सांगतं. पू असेल तर कल्चर करतात. तो नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा. रक्तातली साखरही तपासून घ्या, मधुमेहात संसर्ग झपाट्याने पसरतो. मिश्री, तंबाखू, गुटख्याची सवय असेल तर गाठ कर्करोगाची नाही ना, हेही पाहावं लागतं.

मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय गाठा. जी तपासणी तिथे होत नाही, तिच्यासाठी पुढे पाठवतात. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात.

औषध अर्धवट सोडू नका

गाठीच्या टीबीचा कोर्स साधारण ६ महिन्यांचा असतो. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. मध्येच गाठ थोडी वाढली तरी गोळ्या बंद न करता डॉक्टरांना दाखवा. रमज़ानात डोस चुकवू नका. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, कज़ा नंतर करता येते.

दोन आठवड्यांत न गेलेली गाठ घरात ठेवू नका, दवाखान्यात दाखवा.