मेबॅकच्या शहरात कार्बोरेटरची नाडी

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात अंबाबाईची आणि भवानीची पालखी येते आणि पाठोपाठ करवीरच्या छत्रपतींची मेबॅक. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३०च्या दशकात घडलेली ही जर्मन मोटार आजही शाही दसऱ्याचा मान सांभाळते. शमीपूजन होते, सोने लुटले जाते, आणि आपट्याच्या पानांइतकीच झुंबड या गाडीच्या दर्शनासाठी उडते. १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत मेबॅक कारखान्यातून सुमारे १८०० मोटारीच बाहेर पडल्या. त्यांतली एक करवीरनगरीत नांदावी, ही साधी गोष्ट नाही.

त्या कारखान्याचा कर्ता कार्ल मेबॅक. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने त्याच्याच हाताखाली घडली. पण मोटारींच्या इतिहासात त्याच्याहून मोठे नाव त्याच्या वडिलांचे. गॉटलीब डाइमलरचा सहकारी असलेल्या विल्हेल्म मेबॅकने १८९३मध्ये फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार केला. त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका हे दोघेही स्वतंत्रपणे त्याच युक्तीपर्यंत पोहोचले होते.

त्याआधीच्या यंत्रांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून फिरवून वाफ गोळा करत. ऊन वाढले, रस्ता खडबडीत लागला, टाकीतले पेट्रोल जुने झाले की हवा-पेट्रोलचे मिश्रण बदलायचे. मेबॅकने पेट्रोलसाठी एक छोटी वाटी केली, तिच्यात फ्लोट सोडून पातळी कायम राखली आणि बारीक जेटमधून हवेच्या झोतात पेट्रोलचा फवारा उडवला. पुढची शंभर वर्षे जगभरातल्या पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर धावल्या.

एक अडचण मात्र तेवढ्याने सुटली नाही. जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये येऊन सांगतो, "नुसती चालू ठेवली तर गुण्यागोविंदाने चालते, पायडल दाबलं की क्षणभर दम तुटतो, गचका देते, मग पळते." इंजिनाला एक भाग पेट्रोलबरोबर वजनाने साधारण पंधरा भाग हवा लागते. थ्रॉटल एकदम उघडला की हवा तत्क्षणी आत धावते. पेट्रोल हवेच्या शेकडो पट जड, त्यामुळे ते मागे रेंगाळते. शिवाय मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम अचानक घटल्याने पेट्रोलची वाफ कमी होते आणि थेंब नळीच्या भिंतींना चिकटून बसतात. अर्धा-पाऊण सेकंद सिलिंडरमध्ये पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले मिश्रण जाते. गाडीचा दम तुटतो तो तिथे.

या अर्ध्या सेकंदावर दोन तोडगे निघाले. इंग्लंडच्या स्किनर बंधूंनी १९०५च्या सुमारास एसयू कार्बोरेटर आणला. चपला-बुटांचा धंदा असलेल्या घरातली ही माणसे. पहिल्या एसयूमधला भाता त्यांनी कातड्याचा केला होता. पुढे भात्याच्या जागी पिस्टन आला आणि त्याच्या वरच्या नळीत तेल भरू लागले. पायडल दाबल्यावर हा पिस्टन झटकन वर उसळू नये म्हणून तेल त्याला अडवते. तेवढ्या वेळात हवेचा ओढा वाढतो आणि पेट्रोल जास्त खेचले जाते. कोल्हापुरात सरकारी कचेऱ्यांपासून कारखान्याच्या चेअरमनांपर्यंत सगळ्यांनी वापरलेल्या ॲम्बॅसॅडरच्या जुन्या पिढ्यांत हाच एसयू असे. दुसरा तोडगा सोलेक्ससारख्या कार्बोरेटरांचा. त्यांत पायडलला जोडलेला छोटा पंप असतो आणि थ्रॉटल उघडताच तो पेट्रोलची एक पिचकारी मारतो. प्रीमियर पद्मिनीची तब्येत या पिचकारीवर अवलंबून असायची.

अशी यंत्रे उघडून जोडणारे हात कोल्हापूरला कधी कमी पडले नाहीत. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी सहकारी दामले यांच्या साथीने १९१८मध्ये चलच्चित्रांचा कॅमेरा इथेच तयार केला. इथल्या यंत्रउद्योगाचा पाया घालणाऱ्यांत म्हादबा मेस्त्रींचे नाव आदराने घेतले जाते. पुढे शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्र्या, लेथ आणि फिटरांच्या टपऱ्यांनी या शहराला सुटा भाग मिळाला नाही तर तो घडवायचा, ही सवय लावली. जुन्या मोटारी इथे टिकल्या त्या याच सवयीमुळे.

जाणता मिस्त्री गचक्याची तक्रार ऐकल्याबरोबर कार्बोरेटर खोलत नाही. आधी तो डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर बघतो: पॉइंटची फट, टायमिंग, व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा. पडदा फाटला असेल तर ठिणगी उशिरा पडते आणि लक्षण हुबेहूब कार्बोरेटरच्या दोषासारखे दिसते. मग इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढायचा, कार्बोरेटरच्या घशात डोकावायचे आणि हाताने थ्रॉटल उघडायचा. पेट्रोलची सरळ, जोरदार धार लगेच दिसायला हवी. धार आलीच नाही, उशिरा आली किंवा नुसती ठिबकली, तर पंपाचा डायफ्रॅम, कातडी वॉशर किंवा बारीक नळीतला कचरा यांकडे वळायचे. एसयूमध्ये अशी धार शोधण्यात अर्थ नाही. तिथे वरची टोपी काढून तेल पाहायचे, पिस्टन बोटाने उचलून बघायचा. वर जाताना तो जड लागला पाहिजे आणि सोडल्यावर खटकन खाली बसला पाहिजे.

पंप ठीक निघाला की चोकची परीक्षा. चोक किंचित ओढून गाडी चालवावी. गचका कमी झाला तर मिश्रण पातळ आहे हे नक्की. मग फ्लोटची पातळी, जेट आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासायचे, कारण कुठून तरी इंजिन चोरून हवा घेत असू शकते. चोक ओढल्यावर गचका वाढला तर उलट शंका घ्यावी: मिश्रण आधीच जाड आहे. परीक्षेसाठी पन्हाळ्याची चढण उत्तम. पुणे-बंगळूर महामार्गावर एका वेगात धावणारी गाडी हा दोष लपवते. वळणावर वेग तोडून पुन्हा पाय द्यावा लागला की तो उघडा पडतो, कारण मंद चालीच्या जेटकडून मुख्य जेटकडे पेट्रोल वळण्याची ती वेळ असते. मिरवणुकीत पावलापावलाने सरकणाऱ्या गाडीचीही हीच कसोटी लागते.

आता या जुन्या दुखण्यात एक नवे कारण मिसळले आहे. २०२५पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. त्यातला काही वाटा कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाचा आणि इथल्याच कारखान्यांचा. शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे आणि तो रास्तही आहे. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. संगणक असलेली नवी गाडी हा हिशेब आपसूक करते. जुन्या कार्बोरेटरचा जेट मात्र पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होते आणि गचका वाढतो. जुने रबर फुगते, महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत पंपाचा पडदा कडक होतो. अशा गाडीला इथेनॉल सोसणारे डायफ्रॅम आणि नळ्या बसवाव्यात, जेट एक माप मोठा करून पाहावा.

मारुती ८००ला २०००च्या सुमारास फ्युएल इंजेक्शन मिळाले. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. आज आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती स्कॅनर येतो, आणि पेट्रोलची धार डोळ्यांनी पारखणारे मिस्त्री साठी-सत्तरीत आहेत. त्यांची विद्या बहुतेक तोंडी आहे. कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी, उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्यांनी आणि तंत्रशाळांनी एकत्र येऊन ती लिहून काढावी, तिचे चित्रीकरण करावे आणि दोन-चार तरुणांना या मिस्त्रींच्या हाताखाली रीतसर शिकायला बसवावे. हे काम याच पिढीत व्हायला हवे.